जुन्या घरात थंड हवेची वाट

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा दोन तऱ्हेचा असतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच. चिखली, मेहकर हा सगळा घाटावरचा मुलूख. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे आलं की उंची अडीचशे-तीनशे मीटरवर येते आणि मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. घाटावर रात्री वारा सुटला की अंगणात झोप लागते. घाटाखाली मध्यरात्रीही स्लॅबखालच्या खोलीत गादी गरम लागते. म्हणून जुनं घर नीट करायला काढताना पहिला प्रश्न हा की, घर घाटावर आहे की घाटाखाली?

घाटाखालच्या गावठाणांत अजून बरीच जुनी घरं उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर धाबं, पुढे ढेलज, मधे चौक, मागे परसदार. मुलगा पुण्यात नाहीतर छत्रपती संभाजीनगरला नोकरीला असतो, आणि त्याला घर पाडायचं नसतं, राहण्याजोगं करायचं असतं. मग फरशी बदलते, न्हाणीघर आत येतं, वायरिंग नवं होतं. सगळं उरकत आलं, पीओपीवर रंगाचा शेवटचा हात बसला, की कुणाला तरी आठवतं, "बाबा, कूलरचं डक्टिंग राहिलंच की!" त्या क्षणापासून खर्च वाढायला लागतो. हवेची वाट भिंतीतून, तुळयांच्या मधून, दारांच्या वरून जाते, आणि तोवर या सगळ्या जागा बुजलेल्या असतात. डक्टचा विचार गवंडी लावण्याआधी व्हायला हवा. त्यातही घरात हवा कुठून आणायची यापेक्षा ती बाहेर कुठून जाणार, हे आधी ठरायला हवं. जुन्या घरातली बहुतेक डक्टिंगं फसतात ती या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

गरम हवेच्या डक्टचा विषय इथे लवकर संपतो. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत तळघरात भट्टी असते, हिवाळाभर तिची गरम हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची थंड हवा. ती घरं बर्फासाठी बांधलेली आणि दारं-खिडक्या लावून राहण्याची. तिथले तयार आराखडे इंटरनेटवर ढिगाने सापडतात आणि आपल्याकडे ते लागू पडत नाहीत. आपल्याकडे घाटावर थंडीचा कडाका पडतो तो हिवाळ्यातल्या मोजक्या रात्री. त्यासाठी पत्र्याचं जाळं घरभर फिरवायची गरज नाही. दाराच्या फटी बुजवल्या आणि दुपारचं ऊन चौकात येऊ दिलं तर जाड भिंती रात्रीपुरती ऊब धरतात.

खरा सामना उन्हाळ्याशी आहे, आणि त्यात जुनं घर आपल्या बाजूने असतं. धाब्यावर फूटभर माती असेल तर दर चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो वजन डोक्यावर असतं. एवढी माती तापायला वेळ लागतो, दुपारची झळ आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा निवायला लागलेली असते. हे धाबं काढून पाच इंची स्लॅब टाकला आणि वर काहीच केलं नाही, तर तीच उष्णता लवकर आणि जास्त आत उतरते, नेमकी घरातली माणसं जेवून आडवी व्हायच्या वेळेला. मग कूलर कितीही मोठा घ्या, तो स्लॅबशी झुंजत बसतो. धाबं गळतं म्हणून काढावंच लागत असेल, तर नव्या छतावर पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे आणि खाली उष्णतारोधक थर, हा खर्च डक्टच्या आधीचा धरावा. टिनाच्या छताला तर त्याशिवाय इलाजच नाही.

कूलरचं काम पाण्याच्या वाफेवर चालतं. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. एसीच्या भाषेत एक टन थंडावा म्हणजे तासाला पाच लिटरच्या आसपास पाणी उडवणं. हवा किती थंड होईल, हे ती किती कोरडी आहे यावर ठरतं. बाहेर 42 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 22 अंशांच्या जवळ थांबतो. चांगल्या जाळीचा कूलर या दोन आकड्यांमधलं सुमारे 80 टक्के अंतर कापतो, म्हणजे त्याच्या तोंडाशी हवा 26 अंशांची मिळते. जुलैत मात्र 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली की ओला तापमापकच 28 अंशांवर अडतो. तेव्हा कूलरने थंडाव्यापेक्षा चिकचिकच वाढते. पश्चिम विदर्भाचा कोरडा एप्रिल-मे ही कूलरची खरी कर्मभूमी आहे.

ओल्या वाळ्यातून हवा ढकलून ती घरात नळीने नेण्याची कल्पना आजची नाही. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना बांधून त्यावर पाणी मारणं आपल्याकडे फार जुनं. 1830 च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बंगल्यांत थर्मँटिडोट नावाचं यंत्र आलं. धान्य उपणायच्या यंत्राचा पंखा एका मोठ्या लाकडी खोक्यात बसवायचा, खोक्याला ओल्या वाळ्याच्या ताट्या लावायच्या, आणि त्याचं तोंड खिडकीत घुसवायचं. पंखा फिरवायला माणूस. आजचा डेझर्ट कूलर त्याच बेताचा आहे. फिरवणारा माणूस गेला, मोटर आली.

आता हवेच्या बाहेर जाण्याच्या वाटेकडे. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. कूलर सतत बाहेरची नवी हवा आत ढकलतो. जेवढी ढकलली तेवढी बाहेर गेली नाही तर खोलीत दाब वाढतो, पंखा नुसता घरघरत राहतो, आणि आत अडकलेली हवा दमट होत जाते. "डक्ट लावला पण खोलीत गदगदतं" ही तक्रार आली की कूलरला दोष देण्याआधी समोरची खिडकी पाहावी. बहुतेक वेळा ती लावलेली असते, कारण दुपारची झळ येईल अशी भीती. वास्तविक आतून हवा जोरात बाहेर निघत असते तेव्हा झळ त्या खिडकीतून आत शिरत नाही. मिनिटाला हजार घनफूट हवेमागे एक ते दोन चौरस फूट उघडी जागा, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेला ठोकताळा आहे आणि तो इथेही चालतो. जुन्या घरांत ही सोय मुळातच असते. दारांवरचे झरोके, माजघराची धुराची वाट, चौकाकडच्या जाळ्या. दुरुस्तीत पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते, धूळ येते म्हणून. ते बुजवू नका. आतून जाळी आणि उघडझाप करायला एक फळी लावा. दोन फूट बाय एक फुटाचा एक झरोका एका खोलीची कूलरची हवा आरामात बाहेर काढतो.

यापुढचं गणित कागदावर अर्ध्या तासाचं आहे. समजा तीन खोल्या, प्रत्येक बारा बाय बारा फूट आणि उंची दहा फूट. एका खोलीत 1,440 घनफूट हवा. ती दर दोन मिनिटांनी बदलायची म्हणजे मिनिटाला 720 घनफूट, बाजारात ज्याला 720 सीएफएम म्हणतात. तीन खोल्यांना 2,160. डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या आसपास ठेवला तर आवाज फार होत नाही. त्या हिशेबाने कूलरपासून निघणाऱ्या डक्टचं तोंड सव्वादोन चौरस फूट, म्हणजे 16 बाय 20 इंच. पहिल्या खोलीची फांदी निघाली की पुढे 12 बाय 18 पुरतो, दुसरी निघाली की 9 बाय 12. असा डक्ट पुढे पुढे निमुळता झाला तरच शेवटच्या खोलीला हवेचा वाटा मिळतो. एकाच मापाचा डक्ट शेवटपर्यंत नेणं फॅब्रिकेशनवाल्याला सोपं पडतं, आणि मग तिन्ही खोल्यांत सारखी हवा आणायला नुसत्या डॅम्परशी, म्हणजे हवा कमी-जास्त करायच्या झडपांशी, खेळत बसावं लागतं.

फॉल्स सिलिंगच्या वर जागा नाही म्हणून डक्ट चपटा करायचा मोह प्रत्येकाला होतो. 18 बाय 18 इंचांच्या डक्टचं क्षेत्रफळ 324 चौरस इंच आणि 6 बाय 54 चंही 324 च. पण पहिल्याचा घेर 72 इंच, दुसऱ्याचा 120. हवा जितक्या जास्त पत्र्याला घासत जाईल तितकी तिची ताकद वाटेतच संपते, आणि पत्रा विकत घ्यावा लागतो तो वेगळाच. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे जाऊ देऊ नये, हा या धंद्यातला नियम. गोल पाइपचा व्यास निम्मा केला आणि तेवढीच हवा ढकलायची म्हटलं, तर दाब साधारण बत्तीसपट लागतो. काटकोनी वळणंही अशीच महाग पडतात. शक्य तिथे बाक मोठा द्यावा, आणि नाइलाज असेल तिथे वळणात आतून पत्र्याच्या पाती बसवून घ्याव्यात.

मातीच्या घरातून हा डक्ट न्यायचा कसा, हा सगळ्यात नाजूक भाग आहे. धाब्याच्या खोलीची उंची तुळईखाली आठ-नऊ फूटच भरते. तिथे खोलीभर फॉल्स सिलिंग करून डक्ट लपवला तर पंखा डोक्याला लागेल. त्यापेक्षा मुख्य डक्ट परसदाराच्या भिंतीला बाहेरून, पागोळीच्या सावलीत न्यावा, किंवा ढेलजेच्या वरून न्यावा, कारण ढेलजेत कुणी झोपत नाही आणि तिथे छत फूट-दीड फूट खाली आलं तरी बिघडत नाही. तिथून प्रत्येक खोलीच्या भिंतीत साडेसहा-सात फुटांवर ग्रिल. आतून न्यायचाच असेल तर दोन तुळयांमधल्या खणातून, तुळयांना समांतर. तुळई कापायला कुणी सुचवलं तर त्या माणसाला कामावरून उतरवावं.

भोक पाडताना तुळईचं टोक भिंतीत कुठे टेकलंय ते आधी पाहा. त्याच्या खाली भोक नको, कोपऱ्याच्या दोन-तीन फुटांतही नको. जुनी देवळी किंवा बुजवलेली खिडकी असेल तर तीच मोठी करावी, तिथे वरची फळी आधीपासून असते. कच्च्या विटांची भिंत ब्रेकर मशीनने हादरते. छिन्नी-हातोडीने वेळ लागतो, पण भिंत शाबूत राहते. भोकात आधी सागवानी चौकट बसवावी, तिच्यात डक्ट. डक्टला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे आत साचलेला थेंब बाहेर जातो. कूलरच्या हवेत ओल असते, आणि सांध्यातून ती मातीच्या भिंतीत झिरपत राहिली तर दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि वाळवी वाट शोधते. सिमेंटच्या घरात गळका सांधा म्हणजे थोडी वाया गेलेली हवा. मातीच्या घरात तो भिंतीला लागलेला आजार आहे.

कूलर स्वतः धाब्यावर ठेवू नये. दोनशे लिटरची टाकी भरली की पाणीच दोनशे किलो, वर पंख्याची थरथर. धाब्याची माती त्या थरथरीने सैल होते आणि पहिल्याच पावसात गळती सुरू होते. जमिनीवरून लोखंडी अँगलचा स्वतंत्र घोडा उभारावा, उत्तरेला नाहीतर पूर्वेला, सावलीत. कूलर आणि डक्ट यांच्यामध्ये जाड कॅनव्हासचा जोड हवा, म्हणजे थरथर भिंतीपर्यंत पोचत नाही. पण या कॅनव्हासमुळे कूलरचं अर्थिंग डक्टपर्यंत जात नाही, हे बरेच इलेक्ट्रिशियन विसरतात. डक्टला वेगळी अर्थिंगची तार द्यावी आणि कूलरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, बसवावा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेली लहान मुलंही असतात. या एका वस्तूवर घासाघीस करू नये.

आता खारपाण. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा. इथल्या बोअरचं पाणी खारं. वर मांडलेल्या तीन खोल्यांच्या घरात 42 अंशांच्या दुपारी तासाला पंचवीस लिटर पाणी उडतं, आठ तासांत दोनशे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. लिटरला दोन ग्रॅम क्षार असलेलं पाणी असेल तर एका दिवसात चारशे ग्रॅम क्षार टाकीत आणि जाळीवर जमतात. आठवड्याभरात हनीकॉम्ब जाळीच्या भोकांवर पांढरा खडा चढतो, हवा कमी होते, महिन्याभरात पंपाचं तोंड चोंदतं, आणि क्षाराचे शिंतोडे उडून डक्टच्या पहिल्या दोन-तीन फुटांत जस्ताचा मुलामा जाऊन गंज धरतो. उपाय साधा आहे. टाकीतलं थोडं पाणी बारीक नळीने सतत बाहेर सोडत राहायचं, म्हणजे क्षार घट्ट होत नाहीत. ती नळी परसातल्या एखाद्या खार सोसणाऱ्या झाडाकडे वळवता येते. छतावरचं पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर कूलरला त्यासारखं दुसरं पाणी नाही. आणि डक्टचा पहिला तुकडा फ्लँजने जोडलेला, सहज सोडवून बदलता येईल असा करून घ्यावा. पाण्याचा हा हिशेब आधी मांडावा, कारण मे महिन्यात आपल्याकडच्या कित्येक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. दिवसाला दोनशे लिटर परवडणार नसतील तर तीन खोल्यांऐवजी एकाच खोलीला कूलर द्यावा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायची सवयही लागलीच पाहिजे. डेंगीचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

"डक्ट करतोच आहोत तर त्यातूनच एसीही चालवू" हा विचार मोहाचा आहे आणि जुन्या घरात सहसा चुकीचा. एसीच्या एका टनाला मिनिटाला चारशे घनफूट हवा लागते. बारा बाय बाराच्या खोलीला तेवढी पुरते. कूलरसाठी केलेला डक्ट त्याच्या जवळपास पावणेदोनपट मोठा. कूलरला झरोके उघडे हवेत, एसीला बंद. एसीची हवा परत मशीनपर्यंत यायला दुसरा डक्ट लागतो, नाहीतर दारं लावली की खोल्यांना हवा मिळेनाशी होते. त्याहून वाईट म्हणजे जुलैच्या दमट दिवसांत एसीच्या थंड डक्टला बाहेरून घाम फुटतो आणि तो मातीच्या भिंतीवर ओघळतो. त्यासाठी डक्टला नायट्राइल रबराचं जाड आवरण सलग, एकही फट न ठेवता गुंडाळावं लागतं. माझा कौल असा: घाटाखालच्या धाब्याच्या घरात घरभर कूलरचा डक्ट, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी माणसासाठी एका खोलीची दारं-खिडक्या नीट बसवून तिथे बिनडक्टचा साधा स्प्लिट एसी. घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, बहुतेक घरांना डक्टही लागत नाही. चौकाच्या वरच्या अंगाला एक मोठा एक्झॉस्ट पंखा लावून रात्री नऊनंतर सगळी दारं उघडली की गार हवा घरभर खेचली जाते आणि भिंती सकाळपर्यंत निवतात.

सांध्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. 1998 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शेर्मन आणि इयन वॉकर यांनी डक्टचे सांधे वेगवेगळ्या टेपांनी चिकटवून ते पुन्हा पुन्हा तापवून-गार करून पाहिले. ज्या कापडी टेपला जगभर डक्ट टेप म्हणतात, नेमकी तीच डक्टवर टिकली नाही. बाकीच्या बऱ्याच टिकल्या. आपल्या उन्हात छतावरचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि रात्री निवतो, म्हणजे तीच परीक्षा इथे रोज होते. सांध्याला ब्रशने लावायचा मॅस्टिकचा लेप किंवा फ्लँजमध्ये रबरी पट्टी, हेच खरं. उघड्यावरच्या डक्टला वरून फोमचं आवरण आणि पांढरा रंग द्यावा, नाहीतर 26 अंशांची हवा खोलीत पोचेपर्यंत तापते.

फॉल्स सिलिंग किंवा प्लास्टर चढण्याआधी एकदा कूलर चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. उदबत्ती पेटवून एकेका सांध्याजवळ न्या. धूर हलला की तिथे गळती आहे. मग तीच उदबत्ती झरोक्याजवळ धरा. धूर सरळ बाहेर खेचला गेला पाहिजे. तो घुटमळला तर झरोका लहान आहे, आणि तो मोठा करायची हीच वेळ. मिस्त्री घाई करतो, कारण त्याला पुढचं काम गाठायचं असतं. ही तपासणी होईपर्यंत शेवटचा हप्ता हातचा ठेवावा.

भिंती फोडायची कामं दिवाळी ते संक्रांत या काळात उरकावीत, म्हणजे होळीला कूलर लागायच्या आत माती वाळलेली असते. मृग लागला की जाळ्या काढून, धुऊन, वाळवून माळ्यावर. टाकी कोरडी करून उलटी. ग्रिलमागचे डॅम्पर बंद आणि डक्टच्या बाहेरच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट ठोकलेली. नाहीतर जुलैतल्या पहिल्या झडीला उंदीर त्याच वाटेने माजघरात उतरतात.